हर्गचा आलेख पाठवलास त्याबद्दल

अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख मिळाला. संयुग सोडल्यावर हर्ग चॅनेलचा, म्हणजे हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या दाराचा, प्रवाह निम्म्यावर आलेला दिसतो. खाली तू लिहिलं आहेस, 'हृदयासाठी घातक'. हे दोन शब्द तूर्त खोडून टाक, मग आलेखाबद्दल बोलू.

बाथचं, म्हणजे पेशी ज्या द्रावणात असते त्याचं, तापमान किती होतं? आमच्या सरांनी मला हेच विचारलं होतं, तेव्हा मला राग आला होता. इथलाच मे महिना. सकाळी औषधाशिवायची नोंद घेतली, दुपारी वीज गेली. ॲम्प्लिफायर जनरेटरवर चालू राहिला, एसी बंद पडला, आणि मी तशातच औषध सोडलं. टेल करंट, म्हणजे व्होल्टेज खाली आणल्यावर चॅनेल मिटता मिटता वाहणारा प्रवाह, झरकन उतरला. 'औषधाने चॅनेलचं गेट लवकर मिटतं' असं सांगत मी दोन दिवस मिरवलो. गेट लवकर मिटत होतंच, पण उकाड्याने! हर्ग तापमानाच्या बाबतीत फार हळवं आहे. 22 अंशांना जे रेंगाळतं, ते 37 ला घाईत असतं. आणि माणसाचं हृदय काही एसीत बसलेलं नसतं. तेव्हापासून माझा तापमापक भिंतीवर नाही, बाथमध्ये असायचा, पेशीच्या शेजारी.

दुसरं, सील, म्हणजे पिपेटचं, त्या बारीक काचेच्या नळीचं, टोक पेशीच्या आवरणाला घट्ट चिकटणं. पिपेट पेशीला टेकवून नळीतून ओढताना शहाळं पितात तसं ओढायचं नाही. गरम चहावरचा पहिला चोरटा घोट घेतो, तेवढंच. स्क्रीनवरची चौकोनी पल्स एकदम सपाट होते आणि रोधाचा आकडा गिगाओहमच्या, म्हणजे अब्ज ओहमच्या, पुढे जातो, तो क्षण मला निवृत्तीनंतरही स्वप्नात दिसतो. (1976 साली नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांनी बेडकाच्या स्नायूवर एकेका चॅनेलचा प्रवाह पकडला, तेव्हा त्यांच्याकडेही इतकं घट्ट सील नव्हतं. ते पुढे काही वर्षांनी जमलं. तुला तीन महिन्यांत जमलं नाही म्हणून रडू नकोस.) पण सील जमलं म्हणून काम संपत नाही. पेशी फोडून आत गेल्यावर तिच्यातला ऐवज पिपेटमध्ये झिरपत राहतो आणि काही प्रवाह औषधाशिवायच ओसरत जातात. तेवढीच मिनिटं नुसतं द्रावण सोडून पाहिलंस का? औषध धुऊन काढल्यावर प्रवाह परत वर आला का? आलेखात दोन्ही नाही.

समजा, हे सगळं करूनही प्रवाह निम्माच राहिला. तरी 'घातक' म्हणता येत नाही. टर्फेनाडीन ही ॲलर्जीची साधी गोळी. यकृत तिचं भराभर फेक्सोफेनाडीन करतं, म्हणून एरवी रक्तात ती फारशी उरत नाही. कीटोकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध सोबत घेतलं की यकृतातलं ते एन्झाइम अडतं, टर्फेनाडीन साठतं, हर्ग बंद पाडतं, ईसीजीवरचा क्यूटी, म्हणजे ठोक्याची वीज उठल्यापासून हृदयाचे खालचे कप्पे पूर्ववत होईपर्यंतचा वेळ, लांबतो आणि काही माणसांत ठोके जीवघेणे भरकटतात. 1998 मध्ये ती गोळी अमेरिकेतून गेली. फेक्सोफेनाडीन मात्र आजही आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं.

आता व्हेरापामिल हे रक्तदाबावरचं औषध बघ. तेही हर्गला चांगलंच अडवतं, तरी क्यूटीचा तसा त्रास फारसा दिसत नाही, कारण ते कॅल्शियमचे चॅनेलही अडवतं. एकीकडे बाहेर जाणारा पोटॅशियम कमी झाला, दुसरीकडे आत येणारा कॅल्शियम कमी झाला. ॲक्शन पोटेन्शियलची, म्हणजे दर ठोक्याला पेशीत उठणाऱ्या विजेच्या लाटेची, लांबी जवळपास जागेवर राहते. तुझ्या बशीतल्या पेशीत मुद्दाम घातलेलं एकच चॅनेल आहे, हृदयाच्या पेशीत अख्खं एकत्र कुटुंब नांदतं. घरातल्या एकाने जेवण सोडलं म्हणून घर उपाशी आहे, असं आपण म्हणतो का?

म्हणून कॅल्शियम आणि सोडियमच्या चॅनेलवरही हेच संयुग सोडून बघ. आणि हो, तेलकट संयुगं प्लास्टिकच्या नळीला चिकटतात. वहीत लिहिलेली मात्रा पेशीपर्यंत पोचतेच असं नाही. शक्य तिथे काच वापर.

रविवारी सकाळी सात वाजता मी वेताळ टेकडीवर असतो. पाषाणच्या बाजूने वर ये. आलेख नको, पेन ड्राइव्हवर कच्च्या फाइल्स आण, आणि ज्या पेशी 'बिघडल्या' म्हणून गाळल्यास त्यांच्याही. उतरल्यावर माझ्या घरी पोहे खाऊन एकेक स्वीप, म्हणजे नोंदीचा एकेक फेरा, बघू.