सीटपोस्ट हलत नसेल तर ती सायकल घेऊ नका

जुनी स्टीलची रोड बाइक, सहकारनगरातला विक्रेता, बजेट पंधरा हजार, देखभाल घरीच करायची, रंग उत्तम, गिअर चालतात. ही जुनी सायकल घ्यावी का, या तुमच्या प्रश्नातलं इथपर्यंतचं वाचून मी "घ्या" असंच लिहिणार होतो. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "सीट वर-खाली होत नाही, पण उंची जमते, चालेल ना?" नाही चालणार. सीट हलत नाही म्हणजे सीटपोस्ट, सीटखालची दांडी, फ्रेमच्या नळीत अडकलीय. २०१६ साली मी नेमका इथेच फसलो.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. बँकेत नोकरी करतो आणि रविवारी सायकल उघडून बसतो. दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

माझी सायकल कोथरूडहून नऊ हजारांना आणली. सीट माझ्या मापाला दोन सेंटिमीटर खाली होती. "थोडं तेल सोडा, निघेल," असं विकणारा म्हणाला आणि मी फ्रेमवरचं क्रोमॉलीचं (हलक्या, मजबूत मिश्र स्टीलचं) स्टिकर बघून पैसे दिले. खडकवासल्यापर्यंत काही जाणवायचं नाही, पण सिंहगडाच्या चढाला गुडघे पुढून ठणकायचे. सीट फार खाली असली की गुडघ्यावर ताण येतोच.

पोस्ट अडकते त्याचं कारण साधं आहे. फ्रेमची सीटखालची नळी स्टीलची, आतली पोस्ट बहुतेक वेळा ॲल्युमिनिअमची. मडगार्ड नसेल तर पावसाळ्यात मागचं चाक सगळं पाणी सीटखालच्या चिरेवर (पोस्ट आवळता यावी म्हणून नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या फटीवर) उडवतं, वरून घाम झिरपतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनिअम खाल्लं जाणार. त्याचा पांढरा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे पोस्ट आतल्या आत पाचरीसारखी आवळत जाते. मग तेल शिरायलाही फट राहत नाही.

मी आठवडाभर तेल सोडलं, उकळतं पाणी ओतलं, शेवटी एका दुकानात नेली. त्यांनी पोस्ट व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) आवळली आणि फ्रेमच तरफ म्हणून फिरवली. पोस्ट तसूभर हलली नाही, पण चिरेच्या खालच्या टोकापासून नळीला तडा गेला. "फ्रेम जुनीच होती," म्हणाले आणि ओव्हरहॉलिंगचं पूर्ण बिल हातात दिलं. तडा एक वेळ समजू शकतो. पण एवढा जोर लावण्याआधी एक फोन केला असता, तर मी थांबा म्हटलं असतं. दुसऱ्याची वस्तू हातात असताना इतकं तरी विचारायला हवं. अजून आठवलं की चिडचिड होते. घरी सायकल उघडायला मी त्या दिवसापासून शिकलो.

शेवटी पोस्ट वरून कापली, हॅक्सॉचं नुसतं ब्लेड आत घालून उभी चीर पाडली आणि तुकडा आत दुमडून ओढून काढला. चार रविवार गेले. तडा एका वेल्डरनं पितळेनं भरून दिला. स्टील असं दुरुस्त होतं म्हणूनच मला प्रिय आहे. पण तिथला रंग जळला आणि एकूण खर्च सायकलीच्या किमतीच्या वर गेला.

कॉस्टिक सोड्यानं ॲल्युमिनिअम विरघळतं आणि स्टील टिकतं हे खरं आहे. तरी फ्लॅटच्या बाल्कनीत ते करू नका. त्यातून हायड्रोजन निघतो आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

म्हणून विकणाऱ्यासमोर पोस्ट पूर्ण बाहेर काढून बघा. तिच्या खालच्या भागावर बहुधा व्यास कोरलेला असतो. सीटची नळी बाहेरून नेहमीची २८.६ मिमी असेल आणि पोस्ट २७.२ असेल तर नळी पातळ, म्हणजे चांगल्या प्रतीची. पोस्ट २५.४ असेल तर नळी जाड आणि जड, मग स्टिकर काहीही म्हणो. जड फ्रेम वाईट नसते, फक्त तिचे क्रोमॉलीचे पैसे देऊ नका.

दुसरी जागा बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो फ्रेममधला बेअरिंगचा भाग. त्याचे आटे साधे इंग्लिश पद्धतीचे असले तर स्पेअर सहज मिळतो. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, ती बाजू घड्याळाच्या दिशेनं फिरवून सैल करायची. इटालियन फ्रेममध्ये मात्र दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असतात. हे माहीत नसलेल्या हातांनी जोर लावला की आटे गेलेच.

बाकीच्यात फार डोकं घालू नका. मागे आठ गिअर (आठ स्पीड) असतील तर उत्तम, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) स्वस्त पडतात. चाक ७०० आहे की २७ इंच, ते टायरवर वाचा. त्यांच्या रिमचे व्यास अनुक्रमे ६२२ आणि ६३० मिमी, म्हणून एकाचा टायर दुसऱ्यावर चालत नाही. आपल्या स्पीडब्रेकरांवर २३ मिमी रुंदीचे टायर म्हणजे मनगटांना शिक्षा, २८ तरी बसतात का ते ब्रेकखाली बोट घालून पाहा. हाताची अवजारं मला बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात बरी मिळाली, पाने मात्र जबडा झिजलेला नाही ना ते बघून घ्या.

घेतल्यावर वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि पाऊस संपल्यावर, पोस्ट काढा, पुसा, भरपूर ग्रीस लावून परत बसवा. दहा मिनिटांचं काम आहे. पावसात भिजून आलात तर पोस्ट काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा, नळीतलं पाणी निघून जातं.

शनिवारी बघायला जाल तेव्हा ५ आणि ६ मिमीची ॲलन की खिशात ठेवा. सीट सोडवायला विकणारा नको म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. पोस्ट निघाली तर तिच्यावरचा आकडा इथे लिहा, किमतीचं मग बोलू.