ट्रायल्स सायकलला मागचा डिस्क ब्रेक कुठला घ्यावा?
कोल्हापुरात २६ इंची ट्रायल्स सायकलला (ट्रायल्स म्हणजे पाय न टेकता दगड-अडथळ्यांवरून सायकल नेण्याचा खेळ) मागे कुठला डिस्क ब्रेक बसवू, असं विचारलंय. हायड्रॉलिकच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा घ्या, केबलवाला नको. ट्रायल्समध्ये मागचा ब्रेक वेग कमी करायला नसतोच; मागच्या चाकावर उड्या मारताना चाक जाग्यावर थिजलं पाहिजे, पुढंही नाही अन् मागंही नाही. डिस्क १६० मिमीची पुरते. मोठी घेतली तर दगडावर आपटून वाकायची भीती जास्त.

खरा खेळ पॅडचा, म्हणजे डिस्कला दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचा. रेझिनचे पॅड थंड असतानाही लगेच पकडतात. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, चिखलपाण्यात जास्त टिकतात, पण गरम झाल्यावरच नीट पकडतात आणि ट्रायल्समध्ये ब्रेक तापतो कुठं? मी रेझिनच घेईन आणि पावसाळ्यात एक जोड जादा ठेवीन.

तेलाचंही बघा. शिमानो, मगुरा या कंपन्यांच्या ब्रेकला मिनरल ऑइल, होपच्या ब्रेकला डॉट (गाड्यांचं ब्रेक फ्लुइड). डॉट कुठल्याही मोटरसायकलच्या दुकानात मिळतं म्हणून ते मिनरलच्या ब्रेकमध्ये ओतू नका, आतले रबरी सील फुगतात.

फ्रेमला आयएस माउंट आहे की पोस्ट (ब्रेक फ्रेमला बसवायच्या दोन पद्धती), ते आधी तपासा. जुळत नसेल तर मधला जोड, म्हणजे अडॅप्टर, तयारच घ्या. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काय वाट्टेल ते करून मिळतं, कबूल; पण ब्रेकवर प्रयोग नको.