चर्चमध्ये साक्ष दिली आणि नोकरी हातची गेली, आता देवासमोर कुठल्या तोंडाने जायचं?

"इतकी प्रार्थना केली, उपवास केले, तरी काहीच होत नाही, आता तर प्रार्थनेला बसावंसंच वाटत नाही, माझा विश्वास मेला का?" ख्रिस्ती घरांतून समुपदेशनाला माझ्याकडे येणाऱ्यांचा हा अगदी नेहमीचा प्रश्न, म्हणून त्यातली एक केस सांगते. परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

सॅम्युएलभाऊ म्हणू. चाळिशी ओलांडलेली, राहायला घणसोली, मूळ गाव नगरकडचं. रबाळे एमआयडीसीत क्वालिटीला होते, प्लांट बंद झाला. घराचा हप्ता चालू, मुलगी बारावीला. बऱ्याच महिन्यांनी एका ठिकाणची ऑफर मेलवर आली आणि त्या रविवारी पाळकसाहेब (चर्चचे पास्टर) म्हणाले, भाऊ, साक्ष द्या, म्हणजे देवाने तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांना सांगा. दिली की त्यांनी, माईकवर, सगळ्या मंडळीसमोर, वहिनींनी उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायच्या दानाचं, पाकीट टाकलं, पेढे वाटले. आणि मग कंपनीचा मेल, की पोझिशन सध्या होल्डवर आहे.

तेव्हापासून भाऊ रविवारी बायको-मुलीला चर्चच्या गेटवर सोडायचे, "गाडी लावून येतो" म्हणायचे आणि सरळ वाशीला सागर विहारच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, उपासना सुटायच्या टायमाला परत गेटवर हजर. वहिनींना कळत होतं, पण बोलत नव्हत्या.

माझ्यासमोर बसल्यावर पहिलं वाक्य, "मॅडम, देवाने चारचौघांत माझी फजिती केली." मी आधी झोप-जेवण विचारलं, कारण दोन आठवड्यांच्या वर मन सतत खाली असेल, झोप उडाली असेल, कशातच रस नसेल तर ते डिप्रेशन असू शकतं, आणि तिथे नुसतं "अजून प्रार्थना करा" सांगणं म्हणजे ताप आलेल्याला पळायला लावणं. त्यांची झोप खरंच बिघडली होती, डॉक्टरांकडे पाठवलं.

मग विचारलं, राग नक्की कुणावर आहे? थोडा वेळ देवावरच बोलले, मग गाडी हळूहळू सेल ग्रुपवर, म्हणजे चर्चच्या घरोघरी जमणाऱ्या छोट्या प्रार्थना-गटावर आली. तिथले एक काका म्हणाले होते, "विश्वासात कुठेतरी कमी पडलात, जरा तपासून बघा." दुसऱ्या एका ताई दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर "काही झालं का?" विचारायच्या. म्हणजे देवाशी अबोला होता त्यातला निम्मा तरी या लोकांमुळे होता, आणि हे मी खूप जणांत बघते, लोकांपुढे तोंड दाखवायची लाज वाटते आणि आपण त्यालाच देवापासून लांब जाणं समजतो. तो हिशेब वेगळा मांडला की निम्मं ओझं तिथेच उतरतं.

उरलेला निम्मा देवावरचा, तो खरा होता. तो मी पुसायला गेले नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायला लावलं, स्तोत्र 13. पहिल्या दोनच वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, कुठवर? आणि हे देवालाच, तोंडावर. म्हटलं, तुमची कुठवर लिहा. खिशातून लाईटबिल काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला लागले, कुठवर त्या एचआरला फोन करू, कुठवर सासऱ्यांकडून हप्त्याला पैसे घेऊ, कुठवर मुलीला क्लासची फी पुढच्या महिन्यात म्हणू. तिसऱ्या ओळीला पेन थांबला, डोळे भरले. मग म्हणाले, "दावीद शेवटी 'परंतु' म्हणून भरवसा ठेवतो, मला ते लिहिता येत नाही." म्हटलं, नका लिहू. स्तोत्र 88 वाचा, त्यात तसं वळणच येत नाही, शेवट अंधारातच होतो, तरी ते शास्त्रात आहे ना!

पुढच्या भेटीत लूकच्या शुभवर्तमानाचा 24वा अध्याय घेतला, अम्माऊस गावाची वाट. यरुशलेमपासून साधारण 11 किलोमीटर, म्हणजे वाशीहून ऐरोलीपर्यंत चालत जाण्याएवढं. येशूला क्रूसावर मारलं म्हणून त्याचे दोघं शिष्य हताश होऊन चाललेत, सोबत चालणारा येशूच आहे हे त्यांना माहीत नाही आणि त्यालाच सांगतायत, आमची तर केवढी आशा होती. तो पुढे त्यांना मतिमंद म्हणतो, शास्त्र समजावतो, पण आधी विचारतो, काय झालं, आणि सगळं ऐकून घेतो. भाऊ यावर बराच वेळ गप्प होते.

तेव्हा जवळ राहायचं म्हणजे काय, तर जे आहे तेच बोलायचं, तक्रार असेल तर तक्रार. त्यांनी रोज रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत दहा मिनिटं मोठ्याने भांडायचं ठरवलं, आळवणी वगैरे काही नाही. वहिनी आधी घाबरल्या, म्हणाल्या हे पाप तर नाही ना, मग एक दिवस स्वतःच खुर्ची घेऊन शेजारी बसल्या.

मंडळीचं काम मात्र वेगळं करावं लागलं. पाळकसाहेबांना भाऊंनी स्वतः भेटून सांगितलं की ऑफर होल्डवर गेली आणि मला कुणी "काही झालं का" विचारू नये. पाळकसाहेब समजूतदार निघाले, सगळीकडे निघतीलच असं नाही. त्या ताईंना वहिनींनी सांगितलं, विचारण्यापेक्षा एखाद्या शनिवारी जेवायला या.

ज्यांना आत्ता जगणंच नकोसं वाटतंय त्यांनी माझ्यासारखीच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 ला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

भाऊ आता महापे साईडला कमी पगारावर लागलेत. सागर विहार सुटलंय, उपासनेला मागच्या बाकावर बसतात. आणि पुन्हा कुणी साक्ष द्या म्हटलं, तर पहिला पगार हातात पडल्याशिवाय माईक धरायचा नाही, हे वहिनींनी ठणकावून सांगितलंय.