दुचाकीचं हेल्मेट बांधकामाच्या साइटवर चालेल का? आणि सेफ्टी हेल्मेट कधी बदलायचं?

दुचाकीचं चालणार नाही. त्याच्या आत थर्माकोलच्या जातीचा घट्ट फोम असतो. तो एका जोरदार धडकेत चेपतो, धक्का शोषतो आणि तिथेच त्याचं काम संपतं. गाडीवरून पडताना हेच हवं असतं. साइटवरचा मुख्य धोका मात्र वरून पडणाऱ्या वस्तूंचा. शिवाय ते जड असतं, आणि कान झाकणारं असेल तर कोणी ओरडून सावध केलं तरी ऐकू येत नाही.

शिरस्त्राण म्हटलं की सगळेच प्रकार आले, म्हणून दुकानात ‘सेफ्टी हेल्मेट’ असंच मागा. हार्ड हॅट म्हणजेही तेच. ‘बंप कॅप’ मात्र घेऊ नका. ती डोकं पाइपाला आपटलं तर लागू नये एवढ्यापुरतीच असते.

सेफ्टी हेल्मेटमध्ये सगळे कवच बघतात, पण खरं काम आतल्या पट्ट्यांचं आणि त्यांच्यामुळे डोक्यावर राहणाऱ्या मोकळ्या जागेचं आहे. मार बसला की पट्ट्या ताणल्या जातात आणि धक्का डोकंभर विभागला जातो. युरोपच्या ईएन ३९७ मानकाच्या चाचणीत ५ किलोचं वजन १ मीटरवरून सोडतात. खालच्या नकली डोक्यापर्यंत ५ किलोन्यूटनपेक्षा (साधारण ५०० किलो वजनाच्या भाराएवढं) जास्त बल पोचलं तर हेल्मेट नापास. म्हणून त्या जागेत मोबाइल, हातमोजे, रुमाल काहीही खुपसू नका, आणि आतून जाड टोपीही घालू नका. मधे वस्तू असली की मार थेट कवटीवर येतो.

आता बदलण्याचं. कवचाच्या आत, बहुधा पुढच्या कडेखाली, हेल्मेट कधी बनवलं ते सांगणारा घड्याळासारखा गोल ठसा असतो: मधे वर्ष, बाण महिन्याकडे. बऱ्याच कंपन्या पट्ट्या वर्षाने आणि कवच साधारण ५ वर्षांनी बदलायला सांगतात. सोबतच्या कागदावर असेल ते पाळा. उन्हात काम असेल तर त्याआधीही बघा. रंग फिका पडून पृष्ठभाग खडूसारखा झाला, किंवा दोन्ही बाजूंनी हातांनी दाबल्यावर कवच करकरलं, लगेच पूर्ववत झालं नाही, तर प्लास्टिक ठिसूळ झालंय. जोरदार मार बसलेलं हेल्मेट तडा दिसत नसला तरी बाद. थिनर, पेट्रोल, स्प्रेपेंट लावू नका. त्याने कवच आतून कमजोर होतं आणि वरून कळतही नाही. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. हवेसाठी भोकं तर अजिबात पाडू नका.

घालताना डोक्याभोवतीचा पट्टा भुवयांच्या दोनेक बोटं वर, आडवा. तो घट्ट करणारी मागची चकती आवळा आणि हनुवटीचा पट्टा न लावता खाली वाका. हेल्मेट घसरलं तर अजून आवळा.

उंचावर काम असेल तर एक गोष्ट नीट तपासा. ईएन ३९७ चा हनुवटीचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला मुद्दाम सुटतो, म्हणजे हेल्मेट कुठे अडकलं तर गळफास बसत नाही. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मध्ये उलट आहे, पट्टा ५०० न्यूटनपर्यंत टिकावा लागतो, कारण पडताना हेल्मेट डोक्यावर राहायला हवं. तुमचं काम कोणतं, ते विक्रेत्याला आधी सांगा.

आणि बाद केलेलं हेल्मेट फेकताना पट्ट्या कापून टाका, नाहीतर दुसरं कोणीतरी ते उचलून डोक्यावर चढवेल.