साडेपाच हजार भरून ‘युथ आयकॉन’? ताई, जरा थांबा

ताई, तुमची मुलगी एकोणीस वर्षांची. नागपूरजवळच्या वाडीच्या वस्तीत दोन वर्षांपासून संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेते. आता तिला ‘राष्ट्रीय युथ आयकॉन’साठी निवड झाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप आलाय, नोंदणी ५,५०० रुपये, आणि भरायचे का असं तुम्ही विचारलंय. भरू नका.

मी बावीस वर्षं कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना सांभाळली, आणि असाच एक पुरस्कार एका विद्यार्थ्याला घ्यायला मीच लावला होता. कार्यक्रम नागपुरातच, एका हॉटेलात. दीड तासात शंभरावर सत्कार, म्हणजे स्टेजवर चढा, फोटो काढा, उतरा. घरी त्याच्या आईनं ते मानचिन्ह ओल्या फडक्यानं पुसलं, तर नावाची पट्टीच सुटली. खाली दुसऱ्याच कोणाचं नाव, आदल्या वर्षाचं. माउलीनं काही न बोलता पट्टी फेव्हिकॉलनं परत चिकटवली आणि ते टीव्हीशेजारी ठेवलं. अजूनही त्यांच्याकडे चहाला गेलो की मला तिकडे बघवत नाही.

हे धंदे समाजकार्यातच का फोफावतात? खेळात निकालाचा फळा असतो. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं २०२३ साली बर्लिनला तिरंदाजीच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० मारले, पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला. दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तीही एकोणीसचीच होती. तिथं कोणाला काही पटवून द्यावं लागत नाही. तुमच्या मुलीकडे शिकलेला पोरगा सातवीत टिकला, हे मात्र कोणत्या फळ्यावर दिसणार? मग ‘ओळख मिळवून देतो’ म्हणणारे येतात.

तिच्यासाठी खरी जागा म्हणजे राज्य शासनाचा जिल्हा युवा पुरस्कार. जिल्ह्यातून एक युवक, एक युवती आणि एक संस्था निवडतात. व्यक्तीला १०,००० रुपये, संस्थेला ५०,०००. रक्कम मोठी नाही, पण प्रस्ताव तपासला जातो. चौकशी मानकापूरच्या क्रीडा संकुलात, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे करा. जाहिरात पेपरात येते, पण दर वर्षी वेळेवर निघेलच असं नाही. दोन-तीन वर्षांचे अर्ज एकदम मागवलेलेही पाहिलेत. गेल्या तीन वर्षांचं काम बघतात, म्हणून माझं मत, अजून एक वर्ष जाऊ द्या. घाई केली की फाइल पातळ पडते.

त्याच्या वरचा राष्ट्रीय युवा पुरस्कार १५ ते २९ वयोगटाचा आहे, पण तो पुढचा विचार. पंतप्रधान राष्ट्रीय बाल पुरस्काराला १८ ची मर्यादा असल्यानं ती आता बसत नाही. धाकटं कोणी असेल तर त्या पुरस्काराचा अर्ज ऑनलाइन, फुकट, आणि स्वतःचं नाव स्वतः सुचवता येतं. कॉलेजात सेवा योजनेत नाव आहे का तिचं? नसेल तर घालायला सांगा. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, आणि योजना सांभाळणारा प्राध्यापक, म्हणजे कार्यक्रम अधिकारी, बरा असला तर वस्तीतलं काम त्यात धरता येतं. विद्यापीठाचे स्वयंसेवक पुरस्कारही त्याच वाटेनं मिळतात.

फाइलीत काय? मंत्र्यासोबतचे फोटो नकोत बाप्पा, सगळेच लावतात. मुलं ज्या शाळेत जातात तिथल्या मुख्याध्यापकांचं पत्र, तारखेसह कात्रणं, खर्चाच्या पावत्या. आणि हजेरीची वही. ती असेलच तिच्याकडे. तिच्या प्रत्येक पानाचा फोटो आज रात्रीच काढून ठेवा. आमच्या एका पोरीची तीन वर्षांची वही गळक्या छताखाली लगदा झाली होती.