ओळख किती सांगावी?

प्रश्न : वाचनाच्या आवडीतून जमलेल्या आम्हा ऑनलाइन मैत्रिणींत स्वतःविषयी दहा गोष्टी लिहिण्याचा खेळ सुरू आहे. मलाही लिहावेसे वाटते. सून मात्र जपून राहा म्हणते. काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, अवश्य लिहा. बांगड्याच्या हुमणात तुम्ही तिरफळे किंचित ठेचून घालता की अख्खीच, चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला सुपारीचा घड बांधताना कोणाची आठवण येते, हे वाचूनच दूरच्या मैत्रिणीला तुम्ही खऱ्या अर्थाने भेटाल. अशा तपशिलांत मला तरी धोका दिसत नाही. सूनबाईंची काळजीही रास्त आहे, कारण आईचे माहेरचे आडनाव, पहिली शाळा, जन्मतारीख या निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी अनेक खात्यांचा विसरलेला पासवर्ड बदलताना विचारल्या जातात. शिवाय आपल्या गोव्यात गाव, वाडा आणि कुलदैवत एकत्र सांगितले की घर शोधायला फारसा वेळ लागत नाही. प्रवासाचे फोटो परतल्यावरच टाका. मैत्रिणीच्या नावाने अचानक कोणी पैसे मागितले, तर आधी तिला फोन करा. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा.