रात्री झोपेत स्टोमा बॅग सुटते, पोटावर घट्ट पट्टा बांधला तर चालेल का?

घट्ट पट्टा बांधू नका. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वडिलांची इलिओस्टॉमी झाली आहे, म्हणजे लहान आतडं पोटावर बाहेर काढलंय आणि त्या तोंडातून (त्यालाच स्टोमा म्हणतात) मळ पोटाला चिकटवलेल्या बॅगेत येतो; रात्री कूस बदलली की बॅग सुटते, तर पोटावर घट्ट पट्टा बांधू का? आणि नातेवाईक म्हणतायत तसं त्यांचं रात्रीचं जेवण बंद करू का? दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. एरवी मी इथे फक्त वाचते. पण हे दोन्ही सल्ले आमच्या घरात अगदी याच शब्दांत दिले गेले होते आणि त्यांचे परिणाम मी माझ्या हातांनी पुसले आहेत.

माझे सासरे, अण्णा, यांना गुदाशयाचा कॅन्सर झाला होता. तेवढा भाग काढून आतडं जोडलं, आणि ती जोडणी भरून येईपर्यंत तिथून मळ जाऊ नये म्हणून पोटाच्या उजव्या बाजूला लहान आतड्याचा वेढा बाहेर काढून ठेवला. लूप इलिओस्टॉमी. केमो संपेपर्यंत बॅग राहील असं सर्जननी सांगितलं. नवरा फिरतीवर, सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकलेली, त्यामुळे प्लेट (बॅगेचा कातडीला चिकटणारा, मध्ये भोक असलेला भाग) कापणं, लावणं, बॅग रिकामी करणं माझ्याकडे आलं. सुनेने आपल्या पोटाला हात लावायचा हे अण्णांना सुरुवातीला फार जड गेलं. तोंडावर पंचा घेऊन पडून राहायचे. मी कामापुरतंच बोलायचे. हळूहळू पंचा बाजूला झाला आणि तेच सांगायला लागले, "आज खालच्या बाजूला चुरचुरतंय गं, बघ जरा."

नणंदबाई पुण्याला. शनिवारी यायच्या, रविवारी संध्याकाळच्या गाडीने परत. त्यांचा वडिलांवर जीव आहे, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण एका शनिवारी त्या पोटाच्या ऑपरेशननंतर वापरतात तो वीतभर रुंद, वेल्क्रोचा पट्टा घेऊन आल्या. म्हणाल्या, "रात्री आवळून टाकायचा. बॅग हलायला जागाच राहणार नाही." मी म्हटलं, "ताई, बॅगेत उतरायला तरी जागा नको का?" "तू प्रत्येक गोष्टीत डोकं चालवतेस," म्हणाल्या आणि स्वतः पट्टा बांधला.

पहाटे मोरीत पाण्याचा आवाज आला. दिवा न लावता अण्णा गार पाण्याने स्वतःला धूत उभे होते, कुणाची झोपमोड नको म्हणून. मी दिवा लावला. बॅग जवळजवळ कोरी होती आणि पोट बेंबीपर्यंत माखलेलं. पट्ट्याने बॅग चपटी दाबून धरली, पातळ मळाला खाली उतरायला वाट राहिली नाही, मग तो प्लेटच्या खाली शिरून पसरत गेला. प्लेट वरच्या कडेने चिकटलेली, खालून पूर्ण सुटलेली. लहान आतड्यातून येणाऱ्या मळात पाचक रस असतात, ते कातडीलाही सोडत नाहीत. उजाडल्यावर पाहिलं तर स्टोमाखाली चंद्रकोरीसारखा लालभडक, पाझरणारा चट्टा. ओल्या कातडीवर प्लेट चिकटत नाही, चिकटली नाही की गळते, गळली की चट्टा वाढतो. त्या फेऱ्यातून बाहेर पडायला आम्हाला कितीतरी आठवडे लागले.

ताईंचं म्हणणं आजही असं आहे की मी पट्टा नंतर सैल केला असणार. लग्नकार्यात भेटल्या की चारचौघांत सांगतात, "मी पट्टा आणला म्हणून अण्णांचं निभावलं." तिथे मी काही बोलत नाही, इथे बोलते.

कूस बदलणं हे निमित्त असतं. बॅग सुटते ती भरल्यामुळे. आणि रात्री ती बऱ्याचदा मळापेक्षा हवेने भरते. टम्म फुगलेली बॅग प्लेटला कडेने उचलायला लागते, मग जराशी कूस पुरते. बॅगेला फिल्टर असला तरी तो पातळ मळाने भिजला की हवा सोडत नाही. तेव्हा झोपताना बॅग पूर्ण रिकामी करा आणि रात्री एकदा, दोन-अडीचच्या सुमारास, गजर लावून पुन्हा करा. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, अर्ध्याच्या पुढे जाऊच द्यायची नाही. गजर वडिलांच्या उशाशी नको, तुमच्या उशाशी ठेवा. आजारी माणूस गजर बंद करून पडून राहतो, "थोडीच भरलीय" म्हणून.

आता जेवणाचं. "रात्री पोटात काही गेलंच नाही तर बॅगेत येणार कुठून?" हाही ताईंचाच युक्तिवाद, आणि ऐकायला बिनतोड वाटतो. पण उपाशी आतडंही रस सोडतंच. ते पातळ पाणी आणि हवा होऊन बॅगेत येतं, म्हणजे रात्री जे नको तेच. शिवाय अण्णांनी जेवणाबरोबर पाणीही तोडलं. कुणाला त्रास नको हा त्यांचा स्वभाव, त्याला ताईंनी कारण दिलं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, उठताना चक्कर, लघवी गडद पिवळी, आणि शेवटी सलाइन लावायला दवाखान्यात. इलिओस्टॉमीच्या माणसाचं मोठं आतडं वापरात नसतं, तिथे शोषलं जाणारं पाणी आणि मीठ बाहेर जातं. त्याला पाणी तोडायला सांगणं हा सल्ला नाही, इजा आहे. जेवण बंद नको, अलीकडे घ्या. आम्ही नऊऐवजी सातला वाढायला लागलो: मऊ भात, दही, कधी साबुदाण्याची पेज, केळं. याने मळ थोडा घट्ट येतो. कोबी, वाल, राजमा, सोड्याच्या बाटल्या रात्री नकोत. दिवसभरात ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक चालू ठेवा. किडनीचा किंवा बीपीचा त्रास असेल तर मीठ किती ते आधी डॉक्टरांना विचारा.

खरं काम प्लेट लावतानाच होतं. तिथे चूक असेल तर रात्री काहीही बांधा, गळणारच. आम्हाला हे एका स्टोमा नर्सने दाखवलं. तिने अण्णांना आडवं न ठेवता स्टुलावर बसवलं आणि पुढे वाकायला लावलं. स्टोमाच्या खाली डावीकडे एक घडी पडली, जी झोपल्यावर दिसतच नव्हती. मळ रोज त्याच घडीतून वाट काढत होता! तिथे रिंगचा (स्टोमाभोवती लावायच्या मऊ, चिकट कड्याचा) तुकडा ताणून भरला आणि मग प्लेट लावली. पेस्टनेही भरता येतं, पण बऱ्याच पेस्टमध्ये अल्कोहोल असतं, चट्टा असेल तर फार झोंबतं. भोक स्टोमाच्या आकाराचं, सगळीकडून दोनेक मिलिमीटर मोठं, त्याहून जास्त नाही. लूप स्टोमा लंबगोल असतो, त्याला गोल भोक पाडून चालत नाही. मी पारदर्शक प्लास्टिकवर आकार काढून ठेवला होता. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून तोवर दर आठवड्याला नवं माप घ्यायचं. पहिल्या मापाने महिनाभर प्लेटा कापणारी घरं मी पाहिली आहेत, आणि ती बिचारी कंपनीला दोष देत बसतात.

प्लेट सकाळी चहाच्या आधी बदला, तेव्हा मळ कमी येतो. कातडी साध्या पाण्याने धुवून टिपून कोरडी करा. तेल, डेटॉल, वासाचा साबण, वेट वाइप्स काहीही नको. चट्टा ओला असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवून जास्तीची झटकून टाका. लावायच्या आधी प्लेट काखेत धरून कोमट करा आणि लावल्यावर पाच मिनिटं तळवा ठेवून बसा. ही पाच मिनिटं सगळे चुकवतात. उन्हाळ्यात घामाने प्लेट लवकर सुटते, तेव्हा महाग आहे म्हणून आठवडाभर ताणू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बदला.

पट्टा हवाच असेल तर स्टोमा बेल्ट वेगळा मिळतो: अरुंद, इलॅस्टिकचा, बॅगेच्या किंवा फ्लॅन्जच्या (प्लेटवर बॅग बसवायच्या कड्याच्या) दोन कानांत अडकणारा. तो प्लेटला मागून धरतो, बॅगेला दाबत नाही. स्टोमाच्या रेषेतच बांधायचा, कमरेवर घसरू द्यायचा नाही, आणि आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कडेने कागदी टेप चौकटीसारखी लावली तरी हरकत नाही. मात्र गळायला लागलेल्या प्लेटवर वरून टेप मारू नका, आत कातडी जळत राहते. रात्री तीन वाजले असले तरी काढा आणि नवी लावा. त्यासाठी एक प्लेट भोक पाडून तयार, बॅग, कापूस, पाणी, टॉर्च असा डबा खाटेखाली असू द्या. तेवढ्याने निम्मी धांदल संपते.

झोपताना पायजम्याची नाडी प्लेटच्या कडेवर येते का ते बघा. आमच्याकडे यायची, मग अण्णा सैल लुंगी नेसायला लागले आणि गाठ डाव्या बाजूला मारायचे. दोन भागांची बॅग असेल (प्लेट वेगळी, बॅग वेगळी) तर रात्रीपुरती तिची शेपटी उजव्या मांडीकडे वळवून लावा. उताणं किंवा उजव्या कुशीवर झोपलेलं बरं, मळ बॅगेतच उतरतो. डाव्या कुशीवर झोपायचं तर बॅगेखाली छोटी उशी द्या म्हणजे ती लोंबून प्लेट ओढणार नाही. बॅगेला जुन्या धोतराची खोळ शिवली की प्लास्टिक अंगाला चिकटत नाही. चादरीखाली रबरी शीट घाला, पण त्यांना दिसेल असं रोज रोज तपासू नका.

आणि एक गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत तरी. बॅगेबद्दल घरात निर्णय कुणी घ्यायचा हे आत्ताच ठरवून टाका. ज्याच्या हातात कात्री आहे आणि जो रात्री उठतो, त्याचा शब्द शेवटचा. बाकीच्यांनी फोन करावा, फळं आणावीत, पैसे द्यावेत, जमलं तर एक रात्र उठून बघावं. मी ताईंना हे त्या वेळी सांगितलं तर घरात महिनाभर अबोला होता. तरी सांगितलं ते बरं केलं असंच मला वाटतं, कारण त्यानंतर अण्णा रात्री स्वतःहून हाक मारायला लागले. पुढे त्यांची बॅग बंद झाली, आता ते व्यवस्थित आहेत.

हे सगळं लूप इलिओस्टॉमीच्या अनुभवावरून लिहिलंय. कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचा स्टोमा) असेल तर मळ घट्ट येतो, रात्री बहुधा इतका त्रास होत नाही. युरोस्टॉमीला (लघवीसाठीच्या स्टोमाला) रात्री दोन लिटरची वेगळी पिशवी नळीने जोडतात, ते प्रकरणच निराळं. स्टोमा आत खेचलेला असेल तर फुगीर प्लेट लागते, पण ती नर्सने पाहिल्याशिवाय घेऊ नका. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे, ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईतलीच. आणि दिवसात दीड लिटरच्या वर पाणी जायला लागलं, किंवा काही तास काहीच न येता पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

ऑपरेशनला किती दिवस झाले आणि बॅग एका भागाची आहे की दोन, ते कळवा. मापाचं मी नीट समजावून लिहीन.